माझं उदाहरण देऊ नका

सुट्टी संपवून युनिटमध्ये परत आलोय. कुठे, ते नेहमीप्रमाणे सांगत नाही. थंडी आहे आणि नेटवर्क रात्री दहानंतर बरं असतं, एवढं पुरे. यावेळी इथल्या रस्त्यांवर लिहायचं ठरवलं होतं, पण सुट्टीतली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती आधी लिहून टाकतो.

आमचं घर रायपूरला, समता कॉलोनीत. आजोबा नागपूरहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. शेजारी चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ असल्यामुळे गणपती, हळदीकुंकू, कोजागरी कधी चुकलं नाही. घरात आता दादा, वहिनी आणि त्यांचा अकरावीतला मुलगा. पुतण्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याची तशी अट आहे. बाकी सगळं लिहायला त्याने परवानगी दिली आहे. मजकूर वाचून दोन चुकाही काढल्या आहेत.

हा मुलगा पहिल्यापासून बुजरा. अशा मुलांसाठी मराठीत शब्दांची कमी नाही: लाजाळू, मुखदुर्बळ, घुम्या, एकलकोंडा, आणि आई वैतागली की माणूसघाणा. यातले बहुतेक मलाही मिळून झालेत. त्यामुळे पाहुणे आले आणि पुतण्या आतल्या खोलीतून बाहेर येईना, की आमच्याकडे ठरलेलं वाक्य येतं, "काकापण असाच होता. फौजेत गेला आणि बघा कसा सुधारला." दादाने तर पुढचंही ठरवून टाकलंय. साडेसतरा पूर्ण झाली की अग्निवीर.

सुट्टीच्या चौथ्या रात्री मी गच्चीवर होतो. तो एक वही घेऊन आला, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मला वाटतं मी ऑटिस्टिक आहे."

मी काय म्हणावं? "काहीतरीच काय! मीपण असाच होतो."

त्याने वही मिटली आणि खाली निघून गेला. ज्या वाक्यावर मी इतकी वर्षं मनात चिडत आलो, तेच वाक्य मी त्याला ऐकवलं होतं. पुन्हा बोलायला त्याला दोन दिवस लागले, आणि तेही मी आधी माफी मागितल्यावर.

वहीत त्याने तारखा घालून लिहिलं होतं. दुकानात फोन करायचा असला की आधी तो वाक्यं लिहून काढतो, समोरचा काय विचारेल त्याची उत्तरंसुद्धा. मित्र हसले की तो क्षणभर उशिरा हसतो, कारण आधी बघावं लागतं. शर्टाच्या मानेजवळची पट्टी टोचली की त्या तासाला शिकवलेलं काही आठवत नाही. विसर्जनाच्या दिवशी कॉलोनीतून धुमाल गेलं तेव्हा तो बाथरूममध्ये कानाला ओला टॉवेल दाबून बसला होता. (रायपूरचं धुमाल ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून समजणार नाही. ते कानात वाजत नाही, छातीच्या पिंजऱ्यात वाजतं.) आणि शेवटी एक ओळ होती: घरात फक्त आई असते तेव्हाही मी दमतो.

या ओळीपाशी मी थांबलो. कारण मी बुजरा होतो, पण आईजवळ कधी दमलो नाही. आईपाशी माझी टकळी चालू असायची. बुजऱ्या मुलाला माणसांत मिसळायचं असतं, पण लोक काय म्हणतील याची भीती पाय धरते. ओळख झाली, भीती ओसरली, की तो मोकळा होतो. पट्टी टोचणं, आवाजाने कोलमडणं, आपल्याच माणसांत प्रत्येक वाक्य जुळवत बसणं, हे त्या भीतीत मावत नाही. बाहेरून मात्र आम्ही दोघे एकसारखेच दिसतो. दोघेही पाहुण्यांसमोर येत नाही.

आता दादाची बाजू. त्याचं म्हणणं, हे सगळं मोबाईलमधून आलंय, रील्स बघून पोरं रोग लावून घेतात. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ज्याला लग्नसमारंभ आवडत नाहीत अशा प्रत्येकाला ऑटिझम आहे, असं सांगणारे व्हिडिओ मी स्वतः पाहिलेत. बहुतेक बुजरी मुलं फक्त बुजरीच असतात. काहींना लोकांची भीती इतकी जबर असते की ती स्वतंत्र अडचण असते आणि तिच्यावर उपचारही आहेत. पुतण्याचा अंदाज चुकीचा निघू शकतो, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मग चुकीचा आहे हे तरी कुणीतरी बघून सांगा ना." यावर दादाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

त्याने नेटवर ती ५० विधानांची प्रसिद्ध चाचणी दिली होती. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या अभ्यासात निदान झालेल्या प्रौढांपैकी साधारण ८० टक्के लोकांना ३२ किंवा जास्त गुण होते, इतर लोकांत हे प्रमाण सुमारे २ टक्के. पुतण्याला ३६ मिळाले. मीही रात्री गुपचूप दिली, मला २७. हा आकडा म्हणजे थर्मामीटर आहे, ताप कशाचा ते तो सांगत नाही. शिवाय ती मूळ चाचणी मोठ्यांसाठी. त्याच लोकांनी १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी जी आवृत्ती केली तिची उत्तरं मुलं देत नाहीत, पालक देतात. कारण ऑटिझम सोळाव्या वर्षी सुरू होत नाही. तो असेल तर तिसऱ्या वर्षीही होता, आणि तिसऱ्या वर्षाचा साक्षीदार घरात एकच असतो.

वहिनी या विषयावर बोलायलाच तयार नव्हती. "आमच्याकडे असलं काही नाही. तो बोलतो, शिकतो, गणितात पहिला येतो." तिच्या डोळ्यांसमोरचा ऑटिझम म्हणजे न बोलणारं, एकटं गिरक्या घेणारं मूल. त्यात तिची चूक नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यावरूनच जगाने हे चित्र बनवलं. बोलणारी, हुशार, पण माणसांत अडखळणारी मुलं पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी नोंदवली, आणि त्याच्या किती आधी, १९२५ मध्ये, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ते नीट पोचलं लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखामुळे. आपल्याकडे १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. मी सोळा वर्षांचा होतो १९९८ मध्ये. तेव्हा समता कॉलोनीतल्या एखाद्या मुलाला ही शंका येण्यासाठी लागणारा शब्दच आमच्याकडे नव्हता.

आता शब्द आहे, पण तोही गोंधळ घालणारा. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. पुतण्या म्हणाला, "काका, स्वतःत मग्न? मी तर दिवसभर दुसऱ्यांचाच विचार करतो. मी असं बोललो तर त्याला काय वाटलं असेल, तो हसला तो कशाला." कॅनरच्या यादीतला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या आपल्या गावच्या बँकेत आयुष्यभर नोकरी करत राहिला, गोल्फ खेळला, गाडी चालवली आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. हे मी वहिनीला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण भाजी चिरायची थांबली.

मग विषय आला फौजेचा, आणि इथे मला माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल. मी सिग्नलमधला माणूस. रेडिओवर बोलताना कोण कुणाला बोलावतोय ते आधी सांगायचं. आपलं झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, मग समोरचा बोलणार. सगळं संपलं की ‘आउट’. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वच्छ कळलं की बोलण्याची माझी पाळी कधी आहे. बाकी फौजेतही तसंच. कुणाला काय म्हणून हाक मारायची ते खांद्यावर लिहिलेलं, किती वाजता कुठे उभं राहायचं ते फळ्यावर लिहिलेलं. माझा बुजरेपणा अजून तसाच आहे, तिथे तो फक्त दिसत नाही. नात्यातल्या लग्नात मी आजही वाढपी होतो, कारण हातात जिलबीचं ताट असलं की कुणाशी बोलावं लागत नाही. तेव्हा माझ्या सुधारण्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी ते ताट बघावं.

आणि माझ्याबरोबर भरती झालेला दुसरा एक मुलगा कुणी उदाहरणात घेत नाही. नेमबाजीत तो आमच्या तुकडीत सगळ्यात पुढे होता. पण बरॅकमधल्या गलक्यात त्याला झोप लागत नसे. अचानक दिलेला हुकूम, बदललेली वेळ, मागून आलेली आरोळी, यांनी तो थिजून उभा राहायचा आणि उस्तादांना तो उद्धटपणा वाटायचा. अडीच महिन्यांत तो घरी गेला. त्यालाही घरच्यांनी सुधारायलाच पाठवलं होतं. त्याला काय होतं मला माहीत नाही. पण विचारलं कुणीच नाही, आणि त्यात मीही आलो.

इस्रायलच्या सैन्यात २०१३ पासून ‘रोइम राखोक’ नावाचा उपक्रम आहे. त्यातून ऑटिस्टिक तरुण आधी प्रशिक्षण घेतात आणि मग उपग्रहातून व विमानातून काढलेली छायाचित्रं तपासण्यासारख्या कामांवर लागतात. बारीक फरक टिपण्यात त्यांची नजर उपयोगी पडते. तिथे मुलगा कसा आहे हे आधी समजून घेतात आणि मग त्याला बसेल अशी जागा शोधतात. आपण आधी जागा ठरवतो आणि मुलाला त्यात ठोकून बसवतो.

दादाने शेवटी खरा प्रश्न विचारला. "कागदावर आलं तर फौज बंद होईल ना?" मी म्हणालो, बहुतेक हो. २०१६ च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के राखीव जागा आहेत आणि त्यात ऑटिझमही येतो, पण लढाऊ पदांना त्यातून सूट आहे. भरतीची वैद्यकीय तपासणी काय असते ते मी भोगलंय. "मग कागद करायचाच कशाला?" दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. बारावीनंतर मुलाचं काय, या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मी काढून घेत होतो.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, निदान वेगळं आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे, पण ते हवं असेल त्यानेच मागायचं असतं. डॉक्टरांना भेटलं म्हणून कपाळावर शिक्का बसत नाही. दुसरं, कागद नसला म्हणून धुमाल हळू वाजणार नाही. जे आहे ते बरॅकमध्येही बरोबर जाईल, फरक एवढाच की तिथे ते फक्त त्याला एकट्याला माहीत असेल. दादाला हे पटलं असं नाही. तो उठून फाटक लावायला गेला. पण तेव्हापासून अग्निवीरचं नाव त्याने घेतलेलं नाही.

माझ्या निघण्याच्या आदल्या दुपारी वहिनी स्वतःहून बोलली. तो अडीच वर्षांचा असताना मंडळातल्या हळदीकुंकवाला नेला तर पूर्ण वेळ खुर्चीखाली झोपून होता. कुकर लावायच्या आधी त्याला सांगावं लागायचं, आता तीन शिट्ट्या होणार. शर्टांच्या पट्ट्या ती नवव्या वर्षापर्यंत कात्रीने कापत होती. मग त्याने सांगणं बंद केलं, म्हणून तिने कापणं बंद केलं. "मला वाटलं सगळीच मुलं अशी असतात," ती म्हणाली. एकुलता एक, तुलना करणार कुणाशी? पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याने वही आणली आणि आईच्या हातात दिली.

माझे २७ गुण मी कुणाला सांगितले नव्हते, आज इथेच लिहिले. माझ्या तिसऱ्या वर्षाबद्दल विचारायला आई आता नाही. ते तसंच राहील.

टाटीबंधच्या एम्समध्ये ते तिघे मी परतल्यावर जाऊन आले. निकाल अजून लागलेला नाही, आणि काय लागेल याचा अंदाज मी करत नाही. काल रात्री नेटवर्क आलं तेव्हा पुतण्याचा मेसेज पडला होता, "पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. मला नाही, आईला एकटीला. दीड तास. ती दोन दिवस जुने फोटो काढून बसली आहे. ओव्हर."