नियमात बसणारी सुई

जून २०२२ मध्ये पॅरिसच्या लाल मातीवर राफेल नदालने वयाच्या ३६व्या वर्षी फ्रेंच खुली टेनिस स्पर्धा चौदाव्यांदा जिंकली. डाव्या पावलातील हाडाच्या जुनाट आजारामुळे ही स्पर्धा आपण नसांवर बधिर करणारी इंजेक्शने घेऊन खेळलो, असे त्याने नंतर स्वतःच सांगितले. यात कोणताही नियम मोडला नव्हता. तरीही अशी इंजेक्शने घेऊन विम्बल्डन खेळायचे नाही, असेही त्याने त्याच वेळी स्पष्ट केले. सायकल शर्यतीत हे चालले नसते, अशी प्रतिक्रिया फ्रान्सच्या सायकलपटूंकडून आली. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ पासून, वैद्यकीय गरज नसताना कामगिरीसाठी किंवा थकवा भरून काढण्यासाठी सुई टोचून घ्यायला मनाई केली आहे.

म्हणजे एका खेळात जे चालते, ते दुसऱ्यात चालत नाही. मग ‘नियमात बसते’ एवढ्यावर ‘योग्य आहे’ असे म्हणता येईल का?

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, दरवर्षी बंदी असलेल्या द्रव्यांची यादी काढते. एखादे द्रव्य यादीत घेताना तीन गोष्टी पाहिल्या जातात : त्याने कामगिरी वाढते का, आरोग्याला धोका आहे का, आणि ते खेळाच्या भावनेविरुद्ध आहे का. तीनपैकी दोन निकष लागू झाले तर बंदी घालता येते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि जागा बधिर करणारी इंजेक्शने या यादीबाहेर आहेत. प्रतिस्पर्ध्याची फसवणूक रोखण्यासाठी ही यादी उपयोगी आहे. पण बंदी नसलेले औषध खेळाडूने कोणत्या अवस्थेत घ्यावे आणि ते घेऊन मैदानात उतरावे का, हे ती सांगत नाही.

या औषधांचा वापर किती होतो? दक्षिण आफ्रिकेतील २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात संघांच्या डॉक्टरांनी ‘फिफा’ला दिलेल्या औषधांच्या याद्यांचा अभ्यास झाला. स्पर्धेत एकदा तरी वेदनाशामक घेणारे खेळाडू ६० टक्के होते आणि प्रत्येक सामन्याआधी ते घेणारे ३९ टक्के. जगातील सर्वांत तंदुरुस्त माणसांमध्ये दर पाचांतील दोघे गोळी घेतल्याशिवाय मैदानात उतरत नसतील, तर त्याला उपचार म्हणता येत नाही. ती सवय झाली.

ही सवय निरुपद्रवी नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. घोटा मुरगळला की दुखतो, म्हणून आपण त्यावर भार टाकत नाही आणि फाटलेला स्नायुबंध जुळायला वेळ मिळतो. बधिर करणारे औषध मज्जातंतूतील संदेश मध्येच अडवते. दुखापत जिथल्या तिथे असते, फक्त तिची खबर मेंदूपर्यंत जात नाही. त्यामुळे खेळाडू त्याच पायावर पूर्ण ताकदीने वळतो, उडी मारतो आणि आठवड्याची दुखापत हंगामाची होऊन बसते.

गोळ्यांचे काम वेगळ्या रीतीने चालते. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने शरीरात तयार होतात; या गोळ्या त्यांची निर्मिती रोखतात. पण हीच रसायने जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि शरीरातील पाणी कमी झाले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. उन्हात दीड तास धावून घामाने निथळलेल्या खेळाडूच्या मूत्रपिंडाला त्यांची गरज सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच वेळी गोळीने ती कमी केलेली असतात. क्रोएशियाचा इव्हान क्लास्निच जर्मनीत व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. २००७ मध्ये प्रत्यारोपण करावे लागले. रक्ततपासणीत बिघाड दिसत असतानाही आपल्याला वेदनाशामके दिली गेली, असा दावा त्याने डॉक्टरांविरुद्ध केला. तो खटला अनेक वर्षे चालून अखेर तडजोडीने मिटला.

परवानगी आणि बंदी यांतील रेषा कायमची नसते, हे ट्रॅमाडॉलच्या उदाहरणावरून दिसते. हे अफूच्या वर्गातील वेदनाशामक सायकलपटू वर्षानुवर्षे उघडपणे वापरत. सायकल संघटनेने मार्च २०१९ पासून शर्यतीत त्यावर बंदी घातली. २०२२ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये कोलंबियाच्या नैरो किंतानाच्या रक्तात ते सापडले आणि त्याने मिळवलेले सहावे स्थान गेले. ‘वाडा’ने सर्व खेळांत स्पर्धेदरम्यानची बंदी आणली ती १ जानेवारी २०२४ पासून. औषध तेच आणि त्याचे परिणामही तेच. बदलला तो फक्त कागद. त्याआधी ते देणाऱ्या डॉक्टरने नियम पाळला होता, पण खेळाडूचे हित पाहिले होते का, हा प्रश्न तेव्हाही होता.

सर्वच औषधांना एका मापाने मोजणे मात्र चूक ठरेल. दम्याच्या खेळाडूला साल्ब्युटॅमॉलचा पंप ठरावीक मात्रेपर्यंत घेता येतो. मधुमेही खेळाडू वैद्यकीय सवलतीची रीतसर परवानगी काढून इन्शुलिन घेतो. आजाराने जे हिरावले, ते ही औषधे परत देतात. बधिर करणारे इंजेक्शन दुखऱ्या पायाला काहीच परत देत नाही. ते फक्त त्याचे तोंड बंद करते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, खेळाडू सज्ञान आहे, शरीर त्याचे आहे, धोका पत्करायचा की नाही हे त्याने ठरवावे. ऊसतोड मजूर आणि हमालही कंबरदुखीवर गोळी टाकून कामाला जातात, मग खेळाडूलाच का अडवायचे? पण मजुराच्या गोळीला आपण नाइलाज म्हणतो आणि खेळाडूच्या सुईला जिद्द. १९९९ मध्ये चेन्नईत पाठदुखीने वाकलेल्या सचिन तेंडुलकरचे शतक किंवा २००२ मध्ये अँटिग्वात मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजी करणारा अनिल कुंबळे आपण विसरत नाही, आणि विसरूही नये. मात्र अशा क्षणांचे कौतुक करता करता दुखणे अंगावर काढणे हाच खेळाडूचा धर्म, असा समज पक्का होतो.

शिवाय ही संमती किती मोकळी असते? करार एका हंगामाचा, बाकावर जागा घ्यायला टपलेला दुसरा, शेजारचा सहकारी सुई घेऊन तयार, आणि सुई देणाऱ्या डॉक्टरचा पगार संघाच्या मालकाकडून. अशा वेळी ‘नको’ म्हणणे म्हणजे जागा सोडणे. शर्यतीच्या घोड्याचे उदाहरण येथे बोलके आहे. भारतासह बहुतेक देशांत वेदनाशामक किंवा बधिर करणारे औषध अंगात असताना घोडा पळवता येत नाही, कारण वेदना न कळलेला घोडा पाय मोडेपर्यंत पळतो. घोड्याला संमती देता येत नाही म्हणून त्याला नियमाचे संरक्षण आहे. माणसाला संमती देता येते, आणि तीच पुढे करून त्याला ते संरक्षण नाकारले जाते.

उपाय अवघड नाहीत. ज्या दिवशी सांधा किंवा नस बधिर करावी लागते, त्या दिवशी खेळाडूने खेळू नये, असा साधा नियम सर्व खेळांत हवा. सामन्याच्या दिवशी दिलेल्या प्रत्येक औषधाची कारणासह नोंद हवी. आणि दुखापतग्रस्त खेळाडू खेळण्यास योग्य आहे की नाही, हे संघाच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने ठरवावे. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागल्यास तपासणीसाठी संघाशी संबंध नसलेले तज्ज्ञ मैदानावर असतात. डोक्यासाठी जे शक्य झाले ते गुडघ्यासाठीही शक्य आहे. खेळाडूंनी सुईला नकार द्यावा, असे नुसते आवाहन करून भागणार नाही. नकार देणाऱ्याची जागा जाणार नाही, ही हमी नियमानेच द्यायला हवी.

हा प्रश्न मोठ्या स्टेडियमपुरता नाही. कबड्डीच्या स्पर्धेआधी गुडघ्यात इंजेक्शन घेणारा मुलगा, पोलीस भरतीच्या धावण्याआधी गोळी घेणारी मुलगी, मॅरेथॉनच्या पहाटे चहाबरोबर ‘पेनकिलर’ घेणारे पन्नाशीचे गृहस्थ यांच्यासाठी संघाचा डॉक्टरही नसतो. चिठ्ठीशिवाय गोळी हातावर ठेवणारा दुकानदार तेवढा असतो. मोठे खेळाडू जे करतात, ते त्यांना योग्यच वाटते. म्हणून पुढच्या वेळी ‘इंजेक्शन घेऊन खेळला’ अशी बातमी वाचताना वाहवा करण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : ती सुई नेमकी कोणाच्या सोयीसाठी होती, आणि तो पाय चाळिशीनंतर जिना चढू शकेल का?