मालिकेतलं हाड

परवा आमच्याकडे साताऱ्याला संध्याकाळची मालिका चालू होती. नायिका जिन्यावरून पडली, नडगीचं हाड कातडीबाहेर आलं. शेजारच्या काकांनी पाय धरून सरळ ओढला, डॉक्टरांनी मांडीपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर चढवलं, आणि पुढच्या आठवड्यात बाईसाहेब मंगळागौरीला फुगडी घालायला हजर! सासूबाई म्हणाल्या, "बघ, कशी चटकन बरी झाली पोर." मी गवारी मोडत गप्प बसले, पण मन सांगलीला, माहेरी गेलं.

तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ स्कूटरवरून घसरला. जखम नव्हती, नडगी तेवढी मोडली. प्लास्टर घालून त्याच दिवशी घरी पाठवलं. मी शाळेत रजा टाकून एसटीनं पोचले ती रात्री नऊला. भाऊ घामाघूम. गोळी घेऊनही कळ वाढतच चाललेली. बोटं जरा हलवली की ओरडायचा. वहिनी म्हणाली, "वन्सं, बोटं तर गुलाबी आहेत, सकाळी बघू." आई म्हणे, प्लास्टर घट्ट असलेलंच बरं. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. शेजारच्या नर्सबाईंनी मात्र पाहिलं आणि लगेच रिक्षा बोलवायला लावली. रात्रीच प्लास्टर कापलं. पाय सुजून टरटरला होता. सूज स्नायूंच्या कप्प्यात कोंडली की आतला रक्तपुरवठा अडतो, काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटांचा रंग बदलायच्या आधी कळच सांगते.

‘कहीं किसी रोज़’मधली रमोला सिकंद आठवते ना? त्या सुधा चंद्रन. १९८१ साली तमिळनाडूत बसच्या अपघातात त्यांच्या पायाला दुखापत झाली. घोट्यावरची जखम लहानशी, ती तशीच राहून वर प्लास्टर चढलं. गँगरीन झालं आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या. १९८६ च्या ‘नाचे मयूरी’त स्वतःचीच भूमिका त्यांनी केली. आपल्याला तो नाच आठवतो, ती जखम नाही.

तेव्हा हाड बाहेर दिसलं तर काकांना हात लावू देऊ नका. स्वच्छ कापड झाका, दोन्ही बाजूंनी फळी किंवा जाड पुठ्ठा सैल बांधा, १०८ ला फोन करा. चहासुद्धा पाजू नका, भूल द्यावी लागते. अशी जखम ऑपरेशन थिएटरात धुतात, जंतुनाशक औषधं चालू करतात, पुष्कळदा बाहेरून सळया लावतात. आणि प्लास्टर घातलेलं माणूस घरी आलं की पाय उशीवर, बोटांवर लक्ष. वाढती कळ, बधिरपणा, मुंग्या, थंड किंवा निळसर बोटं, यातलं एकही दिसलं तर रात्र असो की दिवाळी, दवाखाना गाठा. घरी कापू नका. (खाज सुटली म्हणून विणायची सुई आत घालणाऱ्या आमच्या मावशीबाई वेगळ्याच!)

भावाचं थोडक्यात निभावलं. तरी काठी सोडायला पाच महिने लागले, आणि अजूनही जिना उतरताना तो कठडा धरतो.