सुट्ट्या पैशांची माणसं

वाण्याकडे सुट्टे नसले की उरलेल्या दोन रुपयांच्या गोळ्या तो आपल्या हातावर ठेवतो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, हिशेब थोडक्यासाठी अडला, की गोळ्यांच्या जागी खेळाडू येतात.

2024 च्या सप्टेंबरअखेरीस न्यूयॉर्क निक्सला मिनेसोटाचा कार्ल-अँथनी टाउन्स हवा होता. त्याचा त्या मोसमाचा पगार 4 कोटी 92 लाख डॉलर. बदल्यात ज्युलियस रँडल आणि डॉन्टे डिव्हिन्चेन्झो जाणार होते. दोघांचा मिळून पगार चार कोटींच्या थोडा वर. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, होती 14 कोटी 6 लाख डॉलरच्या आसपास, आणि दोन्ही संघ तिच्या कितीतरी पुढे गेलेले. इतका खर्च करणाऱ्या संघाला, दिला त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही. म्हणजे जवळपास 90 लाखांची तूट. कीटा बेट्स-डिऑप या आणखी एका खेळाडूला जोडूनही ती भरेना.

मग निक्सने आपले तीन जुने खेळाडू शोधून काढले: डक्वान जेफ्रीज, चार्ली ब्राउन ज्युनियर आणि ड्वेन वॉशिंग्टन ज्युनियर. तिघांशी नवे करार केले आणि त्याच व्यवहारात त्यांना शार्लट हॉर्नेट्स या तिसऱ्या संघाकडे धाडलं. शार्लटला या तसदीबद्दल दुसऱ्या फेरीचे तीन ड्राफ्ट हक्क (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) आणि रोख रक्कम मिळाली. तिघांचे पगार निक्सने दिलेल्या पगारांत धरले गेले, तूट भरली, आणि 2 ऑक्टोबरला सौदा पक्का झाला.

हे बेकायदा नव्हतं, आणि मला ते लबाडीचंही वाटत नाही. कॅपच्या नियमांत वाट शोधणं हे संघव्यवस्थापकाचं कसब आहे. ते मी आवडीने पाहतो आणि कागद-पेन घेऊन स्वतःही असे ट्रेड जुळवत बसतो. मला खटकतं ते वेगळंच.

त्यासाठी 2008 च्या फेब्रुवारीत जावं लागेल. डॅलसला न्यू जर्सीचा जेसन किड हवा होता. सौदा ठरला, पण डेव्हीन जॉर्ज नावाच्या राखीव खेळाडूने नकार दिला. तो एका वर्षाच्या करारावर होता. संघ बदलला असता तर कॅप ओलांडूनही त्याला पुन्हा करारबद्ध करण्याची डॅलसला असलेली मुभा संपली असती, म्हणून नियमानेच त्याला नकाराचा हक्क दिला होता. तो त्याने वापरला. कोट्यवधींचा सौदा एका राखीव खेळाडूच्या ‘नाही’पाशी थांबला, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. अखेर डॅलसने किथ व्हॅन हॉर्नला बोलावलं. 2006 च्या अंतिम मालिकेनंतर तो खेळलाच नव्हता. त्याच्याशी 43 लाख डॉलरचा करार झाला, तूट भरली, किड डॅलसला आला. न्यू जर्सीसाठी व्हॅन हॉर्न एकही सामना खेळला नाही. त्याच महिन्यात लेकर्सने मेम्फिसहून पाऊ गॅसॉलला आणताना एरन मॅकीचा करार मेम्फिसच्याच माथी मारला होता. मॅकी तेव्हा फिलाडेल्फियात बिनपगारी सहायक प्रशिक्षक म्हणून काम करत होता!

पुढे, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2011 च्या सामूहिक करारापासून, या वाटा बंद झाल्या. करार करून लगेच ट्रेडमध्ये द्यायच्या खेळाडूने आधीचा मोसम त्याच संघात पूर्ण केलेला हवा, सौदा मोसम सुरू होण्याआधीच व्हायला हवा. करार किमान तीन वर्षांचा असावा ही अटही आहे. हेतू उघड आहे: करार खरा असावा, नुसती आकडेमोड नसावी. पण तीनपैकी पक्कं असावं लागतं ते फक्त पहिलं वर्ष. उरलेली दोन कागदावर राहतात.

माझा प्रस्ताव एवढाच: अशा करारातलं दुसरं वर्षही पक्कं करा. ‘पगार मिळतो ना, मग तक्रार कसली?’ असं कुणी विचारेल. पहिल्या वर्षाचे पैसे मिळतात, हे खरंच. छोट्या लीगमध्ये आणि दहा-दहा दिवसांच्या करारांवर दिवस काढलेल्या माणसाला ती रक्कम थोडी नसते. पण त्याच्या नावावाचून सौदाच होत नसेल, तर त्याची किंमतही त्या सौद्याच्या तोलाची असायला हवी. दुसरं वर्ष पक्कं झालं की शार्लटसारखा संघ ते ओझं फुकट उचलणार नाही. आणखी ड्राफ्ट हक्क मागेल, आणि ते देईल टाउन्स ज्याला हवा आहे तो श्रीमंत संघ. निक्सने तरीही सौदा केला असता, याची मला खात्री आहे. त्याच मोसमात ते 2000 नंतर प्रथमच पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत पोचले.

सध्याचा सामूहिक करार 2029-30 च्या मोसमापर्यंत आहे, एक वर्ष आधी बाहेर पडण्याची मुभाही आहे. खेळाडूंची संघटना तेव्हा वाटाघाटींना बसेल. ताऱ्यांच्या कमाल पगारासाठी भांडायला तिथे पुष्कळ वकील असतील. जेफ्रीज, ब्राउन आणि वॉशिंग्टन यांच्या दुसऱ्या वर्षासाठीही एक कलम त्या टेबलावर यावं.