‘दादा, स्टँड!’ : हाकेची जागा स्वीच घेईल का?

येरमाळा - चहाच्या टपरीसमोरून दुचाकी निघते. चालकाच्या पाठीमागे कोणी बसलेले असते, पुढे टाकीवर पिशवी असते आणि डाव्या बाजूचा स्टँड खालीच राहिलेला असतो. तेवढ्यात समोरून येणारा अनोळखी माणूस हात खाली-वर करून खूण करतो, पाठोपाठ ‘दादा, स्टँड! स्टँड!’ अशी हाक येते. चालक पायाने स्टँड वर ढकलतो, मान हलवून आभार मानतो आणि निघून जातो. महाराष्ट्रातील कोणत्याही गावात दिवसातून अनेकदा दिसणारे हे दृश्य. परक्या माणसाने परक्या माणसाचा जीव वाचवावा, असा हा अलिखित सामाजिक करार आहे. मात्र ही हाक ऐकू येईलच, याची हमी कोणालाच देता येत नाही. ती हमी देण्यासाठी दुचाकीवर एक छोटासा स्वीच आला आणि आता तोच स्वीच काढून टाकण्याकडे अनेक चालकांचा कल दिसतो. असे का व्हावे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेले येरमाळा हे धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील गाव. एका बाजूला धाराशिव, दुसऱ्या बाजूला बीड, शिवाय बार्शी आणि कळंबकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. येडेश्वरी देवीच्या दर्शनासाठी वर्षभर भाविकांची ये-जा असते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचण्याचा सोहळा आणि आमराईतील पालखीचा मुक्काम यासाठी तर लाखोंची गर्दी होते. या गर्दीत दुचाकींचा वाटा मोठा असतो. वाहन लावायला जागा अपुरी, जमीन भुसभुशीत आणि निघण्याची घाई; अशा वेळी डबल स्टँड लावण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सर्वांचा भरवसा साइड स्टँडवरच असतो. शेतात, बाजारात, दूध संकलन केंद्रावर हीच पद्धत आहे. त्यामुळे स्टँडचा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

डावे वळण आणि टेकू

स्टँड खाली राहिला तर नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. सरळ रस्त्यावर बहुधा काहीच होत नाही. गाडी उभी धावत असल्याने स्टँडचे टोक जमिनीपासून थोडे वर राहते आणि चालकाला चूक कळतच नाही. धोका सुरू होतो तो डाव्या वळणावर. वळताना गाडी डावीकडे झुकते, स्टँडचे टोक रस्त्याला टेकते आणि गाडीचा भार टायरवरून त्या लोखंडी दांड्यावर येऊ लागतो. मागचे चाक उचलले जाते, त्याची रस्त्यावरील पकड सुटते आणि गाडी चालकासह फेकली जाते. गतिरोधकावर किंवा खोल खड्ड्यातही स्टँड आदळतो. पुढे जाताना जमिनीला लागल्यास मागे सरकावा, अशीच स्टँडची रचना सहसा असते. पण झुकलेल्या गाडीचे वजन बाजूने आले, तर तो मागे सरकण्याऐवजी टेकूसारखा अडतो.

आपल्याकडे वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. उजवीकडे वळताना चालक थांबतो, समोरची वाहने पाहतो, वेग कमी करतो. डावीकडे मात्र तो फारसा न थांबता वळतो. कळंबकडून येऊन धाराशिवकडे वळणारा किंवा बार्शीकडून येऊन बीडचा रस्ता धरणारा दुचाकीस्वार हेच करतो. म्हणजे ज्या बाजूला स्टँड असतो, त्याच बाजूला आपण सर्वाधिक बेफिकिरीने आणि अनेकदा अधिक वेगाने वळतो. डाव्या बाजूचा स्टँड आणि डाव्या बाजूची वाहतूक यांचा हा मेळ आपल्या रस्त्यांवर विशेष घातक ठरतो.

आकडेवारीत न दिसणारे कारण

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी ७४ हजार ८९७ जण, म्हणजे सुमारे ४४ टक्के, दुचाकीवर होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ एवढी होती. यातील किती अपघात स्टँड खाली राहिल्याने झाले? अहवालातील वर्गवारीत हे कारणच नाही. अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालविणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर अशी कारणे स्वतंत्रपणे मोजली जातात. उरलेली सर्व ‘इतर’ या रकान्यात जातात.

याचा परिणाम दुहेरी आहे. वळणावर एकटाच घसरलेला दुचाकीस्वार ‘ताबा सुटल्याने’ पडला, अशी नोंद होते. पडताना स्टँड वाकतो किंवा वर ढकलला जातो. पंचनाम्याच्या वेळी तो वर होता की खाली, हे सांगणारा कोणी उरत नाही. जे मोजले जात नाही त्यावर चर्चा होत नाही आणि ज्यावर चर्चा होत नाही त्याची भीतीही राहत नाही. स्वीच ‘फालतू’ वाटण्यामागे हे मोठे कारण आहे.

स्वीच आला कसा?

जगाने या प्रश्नाची दखल फार पूर्वी घेतली. स्टँड जमिनीला लागताच मागे व वर दुमडला गेला पाहिजे, अशी अट अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकात १९७० च्या दशकातच आली. युरोपने १९९३ च्या निर्देशात दोन पर्याय दिले. एक तर स्टँड आपोआप दुमडावा किंवा तो खाली असताना गाडी इंजिनाच्या जोरावर पुढे जाऊच नये. दुसऱ्या पर्यायातून स्टँडचा स्वीच सर्वत्र रूढ झाला.

भारतात अनेक वर्षे हे काम मीटरमधील छोट्या दिव्यावर किंवा बझरवर भागविले गेले. भर उन्हात दिवा दिसत नाही आणि बाजाराच्या गोंगाटात बझर ऐकू येत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्या सुमारास बाजारात आलेल्या अनेक स्कूटर व मोटरसायकलींमध्ये इंजिन बंद ठेवणारा स्वीच दिसू लागला. इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाल्याने अशी आज्ञा देणे कंपन्यांनाही सोपे झाले. विजेवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये तर त्याची गरज अधिक आहे. तेथे इंजिनाचा आवाज नसल्याने गाडी ‘चालू’ आहे हेच लक्षात येत नाही आणि चुकून मूठ पिळली गेली, तर उभी गाडी पुढे झेपावते.

स्वीचचे काम साधे आहे. स्टँडच्या खिळीजवळ तो बसविलेला असतो. स्टँड खाली आला की त्याचा संकेत बदलतो. स्कूटरचे इंजिन सुरूच होत नाही किंवा चालू असल्यास बंद पडते. गिअरच्या बऱ्याच मोटरसायकलींमध्ये न्यूट्रलवर इंजिन चालू राहते; स्टँड खाली असताना गिअर टाकला, की ते बंद पडते. थोडक्यात, विसरलेल्या माणसाला गाडी जागेवरच अडवते.

‘डायरेक्ट करून द्या’

मग विरोध कशासाठी? त्यातील सर्वच कारणे हट्टाची नाहीत. पहिले कारण सवयीचे. सकाळी गाडी साइड स्टँडवर लावून इंजिन गरम करायचे, तोवर गेट उघडायचे, पिशवी अडकवायची, हा शिरस्ता पिढ्यानपिढ्या चालत आला. दुधाचे कॅन किंवा चाऱ्याची पेंडी बांधताना गाडी चालू ठेवण्याची रीत आहे. घरोघरी थांबणाऱ्या दूधवाल्याला किंवा पार्सल पोचविणाऱ्या तरुणाला स्कूटर दर थांब्यावर बंद पडणे ही कटकट वाटते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. स्वीच जमिनीच्या अगदी जवळ असतो. पावसाळ्यात मराठवाड्याची काळी माती त्यावर थापली जाते, उन्हाळ्यात धूळ बसते, धुलाई केंद्रावर जोराच्या फवाऱ्याने कनेक्टरमध्ये पाणी शिरते. मग स्टँड वर असूनही गाडी त्याला खालीच समजते. शेताच्या वाटेवर, रात्रीच्या वेळी गाडी सुरू न होणे ही शेतकऱ्यासाठी मोठी अडचण ठरते. स्टँडची स्प्रिंग ढिली असेल, तर खड्ड्यात स्टँड हिसका खाऊन खाली येतो आणि धावत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडते. महामार्गावर मागून मालमोटार येत असताना असे घडले, तर सुरक्षेसाठी बसविलेला भागच धोक्याचा ठरावा, ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

यावर जवळचा उपाय म्हणजे मेकॅनिककडे जाऊन ‘स्वीच डायरेक्ट’ करून घेणे. साध्या स्वीचच्या तारा जोडून किंवा तोडून तो निकामी करता येतो. काही मिनिटांत काम होते आणि तक्रार कायमची मिटते. मात्र यात दोष स्वीचचा होता की मातीचा, स्प्रिंगचा की गंजलेल्या कनेक्टरचा, याचा शोध कोणी घेत नाही. अनेकदा खिळ साफ करणे, तिला वंगण देणे आणि थकलेली स्प्रिंग बदलणे एवढ्यावरच भागण्यासारखे असते. ढिली स्प्रिंग तशीच ठेवून स्वीच काढला, तर स्टँड खाली येतच राहतो. फक्त आता गाडी त्याची सूचना देत नाही.

कायदा आहे, तपासणी नाही

कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही तरतूद प्रामुख्याने कर्णकर्कश सायलेन्सरच्या संदर्भात चर्चेत येते. स्टँडच्या तारा कोणी तपासल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

तपासणार तरी कधी? खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळीच तिची तांत्रिक तपासणी होते. पीयूसी केंद्रावर केवळ धूर मोजला जातो. म्हणजे शोरूममधून बाहेर पडल्यावर पुढील १५ वर्षे स्वीच जागेवर आहे की नाही, हे पाहणारा मालक आणि मेकॅनिक यांच्याशिवाय तिसरा कोणीही नाही. अशा स्थितीत केवळ दंडाच्या भीतीवर विसंबता येणार नाही. मालकाला ही गोष्ट पटणेच महत्त्वाचे ठरते.

एकाच अंगणात दोन गाड्या

या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. २०१८-१९ या एकाच आर्थिक वर्षात देशात दोन कोटींहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या. त्या काळातील बहुसंख्य गाड्यांना स्टँडचा स्वीच नाही आणि त्यातील कित्येक अजून अनेक वर्षे धावणार आहेत. ग्रामीण भागात एकाच अंगणात मुलीची नवी स्कूटर आणि वडिलांची जुनी मोटरसायकल शेजारी उभी असते. स्कूटर चालविणाऱ्याला नकळत सवय लागते, की स्टँड राहिला तर गाडीच सांगेल. तोच माणूस घाईत जुनी मोटरसायकल काढतो, तेव्हा गाडी काहीच सांगत नाही. ‘डायरेक्ट’ केलेली स्कूटर घरातील दुसऱ्याच्या हाती जाते किंवा जुन्या बाजारात विकली जाते, तेव्हाही हेच घडते. स्वीच काढणाऱ्याला निदान तो काढल्याचे ठाऊक असते. नंतर गाडी चालविणाऱ्याला ते ठाऊक नसते. म्हणूनच हा निर्णय केवळ मालकाच्या सोयीपुरता मर्यादित राहत नाही.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे दिवसाही आपोआप चालू राहू लागले, तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस बोटांची उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ असे सुचवीत होता. सुरुवातीला बॅटरीची काळजी व्यक्त झाली, काहींनी बटणे बसवून घेतली. हळूहळू लोकांना सवय झाली आणि खुणा थांबल्या. स्टँडच्या स्वीचबाबतही असे होऊ शकते; मात्र दिवा चालू राहिल्याने कोणाची गाडी अडत नव्हती, स्वीचमुळे ती अडते, हा फरक कंपन्यांनी लक्षात घेतला पाहिजे. चिखल-पाण्यात टिकणारा स्वीच, दर सर्व्हिसिंगमध्ये त्याची व स्प्रिंगची तपासणी आणि गाडी नेमकी कशामुळे सुरू होत नाही हे मीटरवर मराठीत वा स्पष्ट चिन्हाने दाखविण्याची सोय, एवढे झाले तरी निम्मी नाराजी दूर होईल. यात्रेच्या काळात वाहनतळाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर ‘स्टँड वर घ्या’ असा ठळक फलक लावायला तर फारसा खर्चही येत नाही.

तोपर्यंत रस्त्यावरची हाक थांबता कामा नये. ती दिवसा, गर्दीत आणि ओळखीच्या वस्तीत उपयोगी पडते. पहाटे दूध घेऊन निघालेल्या किंवा रात्री उशिरा बालाघाटच्या उतारावरून एकट्याने परतणाऱ्या चालकाला मात्र हाक मारायला कोणी नसते. त्याच्या गाडीचा स्वीच शाबूत आहे की त्याच्या तारा कधीच जोडून टाकल्या आहेत, यावर त्याचे पहिले डावे वळण अवलंबून राहते.