नोव्हेंबरचा ताळेबंद

अमेरिकेत नोव्हेंबरचा पहिला आठवडा उजाडला, की विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांचा नवा हंगाम सुरू होतो. पहिल्या दर्जाच्या गटात साडेतीनशेहून अधिक संघ असतात. महिनाभरात प्रत्येकाचे सात-आठ सामने होतात आणि एवढ्या शिदोरीवर निकाल द्यायला सारा गाव सज्ज होतो. कुणी म्हणतो, यंदा अजिंक्यपद आपलेच. कुणी म्हणतो, प्रशिक्षकाला आता नारळ द्या. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेला चार महिने अवकाश असतो. पण धीर कुणाला आहे?

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत आता मराठी घरे पुष्कळ झाली आहेत. तिथली नातवंडे अंगात निळा सदरा घालून वाढतात आणि इकडे पुण्या-नाशकातल्या आजी-आजोबांना सामन्याचे निकाल चहाबरोबरच कळतात. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका राहिलेला नाही. शिवाय मूळ प्रश्न केवळ खेळाचा नाहीच. हाती अपुरा हिशेब असताना एखाद्याच्या कुवतीविषयी मत कसे बनवावे, असा तो प्रश्न आहे. माझी उमेदीची वर्षे बँकेच्या कर्जविभागात गेली. तिथे रोज सकाळी हाच प्रश्न वेगवेगळ्या नावांच्या फाइलींतून टेबलावर येत असे.

उदाहरण त्या निळ्या सदऱ्याचेच, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे घेऊ. २०२२ च्या वसंतात या संघाने कमाल केली होती. हंगामभर चाचपडत, आठवे मानांकन घेऊन तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. आदल्या वर्षीच्या विजेत्या बेलरला त्याने घरी पाठवले. उपान्त्य सामन्यात ड्यूक या शेजारच्या हाडवैऱ्याला ८१-७७ असे हरवून माइक शशेफ्स्की या थोर प्रशिक्षकाच्या कारकिर्दीवर पडदा पाडला. अंतिम सामन्यात मध्यंतराला तर कॅन्ससवर पंधरा गुणांची आघाडी होती. तो सामना ६९-७२ असा हातातून निसटला. पण लोकांच्या मनात संघाने घर केले ते केलेच.

पाच मुख्य खेळाडूंपैकी चार, म्हणजे आर्मांडो बेकॉट, केलेब लव्ह, आर. जे. डेव्हिस आणि लीकी ब्लॅक, पुढच्या वर्षी परत येणार होते. साहजिकच ऑक्टोबर २०२२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या मतदानात ६२ पैकी ४७ पत्रकारांनी या संघाला पहिला क्रमांक दिला. एकही सामना झालेला नव्हता, तरी संघ देशात पहिला!

बँकेत याला आम्ही मार्चअखेरची शिल्लक म्हणत असू. एकतीस मार्चला शाखेच्या ठेवी फुगलेल्या दिसतात. त्यांतल्या कितीतरी पाच एप्रिलला आल्या पावली परत जातात. ताळेबंद खोटा नसतो, पण तो एका दिवसाचा असतो. मतदारांनी नॉर्थ कॅरोलिनाचे तीन आठवडे पाहिले आणि आधीचे चार महिने बाजूला ठेवले. आणखी एक नोंद त्यांच्या नजरेतून सुटली. जो पाचवा गेला, तो ब्रॅडी मॅनेक, उंचापुरा असून लांबून नेमकी फेक करणारा होता. त्याच्यावर लक्ष ठेवायला प्रतिस्पर्ध्याचा एक उंच बचावपटू बास्केटपासून दूर जाई आणि आत बेकॉटला मोकळी जागा मिळे. चार खांब जागेवर होते. तुळई मात्र निघाली होती.

आता सुरुवातीचे सामने पाहा. पहिले पाचही सामने संघाने जिंकले. पाच विजय, पराभव शून्य. वरवर पाहणाऱ्याला खाते अगदी स्वच्छ. पण उताऱ्यातल्या नोंदी काय सांगत होत्या? चार्ल्स्टनच्या संघाने मध्यंतराला या अव्वल संघाला मागे टाकले होते. गार्डनर-वेबसारख्या छोट्या विद्यापीठाविरुद्ध घरच्या मैदानावर ७२-६६ अशी जेमतेम सुटका झाली होती. कर्जदार हप्ते भरतो आहे, पण प्रत्येक हप्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कुठून तरी उसनवारी करून, अशातला हा प्रकार.

नोव्हेंबरच्या अखेरीस ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात स्पर्धा झाली आणि पुढच्या दहा दिवसांत सारे उघडे पडले. आयोवा स्टेटकडून ६५-७० अशी हार. दोन दिवसांनी अलाबामाविरुद्ध चार वेळा जादा वेळ खेळून १०१-१०३ अशी हार. त्या सामन्यात लव्हने ३४ गुण केले, म्हणून मथळे त्याचे झाले. पण त्यासाठी त्याने ३६ फेकी केल्या होत्या, हे मथळ्यात मावत नाही. मग इंडियानाकडून हार, मग व्हर्जिनिया टेककडून. पहिल्या क्रमांकावरून संघ एका आठवड्यात अठराव्यावर आला आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या पंचविसांतूनच बाहेर गेला. हंगामाअखेर हिशेब झाला वीस विजय आणि तेरा पराभव. राष्ट्रीय स्पर्धेचे बोलावणे आले नाही. १९८५ मध्ये ही स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून, हंगामाआधी पहिला ठरवलेला संघ तिला मुकला, असे प्रथमच घडले.

यावरून कुणी म्हणेल, सुरुवातीच्या निकालांतच भविष्य लिहिलेले असते. थांबा. दुसरी फाइलही उघडू या.

२०१०-११ च्या हंगामाआधी कनेक्टिकटचा संघ पहिल्या पंचविसांत नव्हता. बिग ईस्ट या त्याच्या स्वतःच्या साखळीतल्या प्रशिक्षकांनीही त्याला दहावा ठरवले होते. नोव्हेंबरात हवाईतल्या माउई बेटावरच्या स्पर्धेत या पोरांनी सलग तीन दिवसांत तीन सामने जिंकले. देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या मिशिगन स्टेटला ७०-६७ असे आणि केंटकीला ८४-६७ असे हरवले. केम्बा वॉकर हे नाव रातोरात देशभर झाले. पण पुढे साखळी सुरू झाली आणि संघ घसरला. अठरा सामन्यांत नऊ विजय, नऊ पराभव, साखळीत नववे स्थान. फेब्रुवारी संपता संपता जाणकार म्हणू लागले, माउई हा निव्वळ योगायोग होता.

मार्चमध्ये साखळीची बाद फेरीची स्पर्धा आली. कनेक्टिकटने पाच दिवसांत पाच सामने जिंकून ती घेतली आणि त्याच वेगाने सहा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपदही आणले. अंतिम सामन्यात बटलरवर ५३-४१ अशी मात केली. त्या वर्षी हा संघ एकूण नऊ सामने हरला, ते सगळेच्या सगळे साखळीतले. साखळीबाहेर, नवख्या प्रतिस्पर्ध्यासमोर, तटस्थ मैदानावर, लागोपाठच्या दिवशी खेळायची वेळ आली तेव्हा तो हरलाच नाही. साखळीतले संघ एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात, एकमेकांच्या खोडी जाणतात. राष्ट्रीय स्पर्धेत ती ओळख नसते. माउईच्या तीन दिवसांत जी परीक्षा झाली, तीच मार्चमध्ये पुन्हा झाली, आणि उत्तरही तेच आले. म्हणजे नोव्हेंबरने सांगितले ते खरे होते. मधल्या दोन महिन्यांच्या गलबल्यात लोक ते विसरले, इतकेच.

दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट ध्यानात येते. सुरुवातीच्या सामन्यांचा आकडा थोडेच सांगतो. ते कुणाशी, कुठे आणि कसे झाले, यात सारे असते. मोठी विद्यापीठे नोव्हेंबरात छोट्यांना मानधन देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. छोट्याची तिजोरी थोडी भरते, मोठ्याच्या खाती विजय जमा होतो. हा उघड, राजीखुशीचा व्यवहार आहे. पण अशा विजयांची बेरीज करून संघाची पत ठरवणे, म्हणजे स्वतःच्या मेव्हण्याचा जामीन धरून कर्ज मंजूर करण्यासारखे आहे.

पराभवाचेही तसेच. १९८२ च्या डिसेंबरात, देशात पहिला असलेला व्हर्जिनियाचा संघ, राल्फ सॅम्पसनसारखा सव्वासात फुटांचा खेळाडू असताना, होनोलुलूत शमिनाड नावाच्या चिमुकल्या कॉलेजकडून ७२-७७ असा हरला. त्या पराभवाच्या आख्यायिका झाल्या. माउईची स्पर्धा पुढे सुरू झाली ती त्याच धक्क्यातून. पण व्हर्जिनियाचा संघ टोकियोत सामने खेळून परतीच्या वाटेवर तिथे उतरला होता, आणि त्या हंगामात पुढे तो राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोहोचला. शमिनाडचे कौतुक त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. व्हर्जिनियाला मात्र त्या एका रात्रीवरून नादार ठरवता आले नसते.

मग काय पाहावे? डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने २००४ च्या आपल्या पुस्तकात चार गोष्टी सांगितल्या आहेत. फेकी किती नेमक्या होतात, चेंडू हातचा किती वेळा जातो, चुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू कोण पटकावतो, आणि फ्री थ्रो किती मिळवले जातात. यांतली लांबून होणाऱ्या फेकीची टक्केवारी सात-आठ सामन्यांत फार हेलकावे खाते. चार रात्री हात बसला की माणूस अर्जुन, चार रात्री चुकला की टाकाऊ. उरलेल्या गोष्टी बऱ्याचशा सवयीच्या असतात. चुकलेल्या चेंडूसाठी कोण झेपावतो, दमल्यावर कोण बचावाला परत धावतो, आघाडी निसटू लागली की पास देणे बंद होते का, हे पहिल्या पंधरवड्यातही दिसते. कर्जदाराच्या दुकानात पाहणीला गेलो, की मी गल्ला मोजत बसत नसे. मालाची मांडणी पाही, उधारीची वही पाही, मालक नोकरांशी कसा बोलतो ते ऐके. गल्ला त्या दिवसाचा असतो, वहीतली शिस्त वर्षाची असते.

पण ‘अजून वेळ आहे, पोरांना खेळू द्या’ असे म्हणून हात झटकताही येत नाहीत. निवड समितीसमोर २०१८ पासून ‘नेट’ नावाची क्रमवारी असते. तिच्या हिशेबात नोव्हेंबरचा सामना आणि फेब्रुवारीचा सामना सारखाच मोजला जातो. विजयाला वजन मिळते ते प्रतिस्पर्ध्याच्या दर्जावरून आणि मैदानावरून. क्रमवारीतल्या पहिल्या तीस संघांना घरी हरवणे, पहिल्या पन्नासांना तटस्थ मैदानावर आणि पहिल्या पंचाहत्तरांना त्यांच्या घरी, हे सर्वांत वरच्या श्रेणीत येते. बँकांनी कर्जाला जोखमीचा भार लावावा, तसेच हे. नॉर्थ कॅरोलिनाला त्या वर्षी या वरच्या श्रेणीत दहांपैकी एकच विजय मिळाला, आणि तिथेच त्यांचे दार बंद झाले. अलाबामाविरुद्धचे ते दोन गुण मार्चमध्येही दोनच गुण होते. व्याज मात्र चार महिन्यांचे चढले होते. म्हणून सुरुवातीचा हिशेब तपासावाच लागतो. तो तपासायला बसलेल्याने घाई करू नये, एवढेच मागणे आहे.

कारण या हिशेबाच्या पलीकडच्या टोकाला एकोणीस-वीस वर्षांची मुले उभी असतात. आपल्याकडे २००४ पासून हप्ता नव्वद दिवस थकल्याशिवाय कर्ज बुडीताकडे झुकले असे बँक म्हणत नाही. पत्रकारांचे मतदान दर सोमवारी होते आणि एका आठवड्यात माणूस शिखरावरून तळाला जातो. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेता येऊ लागला, विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मोकळीकही मिळाली. या दोन्ही गोष्टी न्याय्यच होत्या. इतकी वर्षे मुलांच्या घामावर इतरांचेच इमले उठत होते. पण त्यामुळे घाईच्या निकालाची किंमतही वाढली. पूर्वी निराश झालेला मुलगा पुढच्या वर्षी त्याच मैदानावर उभा राही. आता प्रेक्षकांनी डिसेंबरात नावे ठेवली, तर एप्रिलमध्ये तो दुसऱ्या गावात असतो.

केलेब लव्ह असाच २०२३ मध्ये ॲरिझोनाला गेला आणि पुढच्याच वर्षी त्या साखळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आर. जे. डेव्हिस तिथेच राहिला. २०२४ मध्ये तो आपल्या साखळीतला सर्वोत्तम ठरला आणि नॉर्थ कॅरोलिनाने राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन मिळवले. ज्या दोघांना घेऊन तो पहिल्या क्रमांकाचा संघ कोसळला, त्या दोघांतही काही उणे नव्हते. उणे होते ते त्यांच्या जोडणीत, आणि ते पहिल्या पाच विजयांतच दिसत होते. आपण मात्र त्या वेळी गुणफलक पाहून टाळ्या वाजवत होतो, आणि महिनाभराने तोच गुणफलक पाहून मुलांना नावे ठेवू लागलो.

यंदाच्या नोव्हेंबरात कॅरीहून नातवाचा फोन आला आणि ‘आजोबा, आपण पाच-शून्य आहोत’ असे त्याने सांगितले, तर त्याच्या आनंदात जरूर सामील व्हावे. मग विचारावे, कुणाशी खेळलात, कुठे खेळलात, आणि मागे पडल्यावर पोरे एकमेकांकडे पास देत होती का? पाच पराभव झाले म्हणून तो रडवेला झाला असेल, तेव्हाही हेच तीन प्रश्न विचारावेत.