मंत्राचा अधिकार आणि माणसाची ओळख

मंगळवार पेठेतून पंचगंगेच्या घाटाकडे जाताना १८९९ सालचा वेदोक्त वाद आठवावा. शाहू महाराजांच्या कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहिताने पुराणोक्त मंत्र म्हटले. महाराज शूद्र, म्हणून त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असे त्याचे मत होते. नदी एकच, मंत्रांची भाषाही संस्कृतच. म्हणजे वाद श्रद्धेचा नव्हता. माणूस कोण हे कोणी ठरवायचे, याचा होता. परंतु क्षत्रियत्व सिद्ध करून राजाला मान मिळाला, तरी ज्याच्यापाशी तसा वंश नाही त्याचे काय? माझ्या मते, याचे उत्तर मंत्रात नसून २६ जुलै १९०२ च्या आदेशात आहे. संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त होणाऱ्या ५० टक्के जागा त्याने मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. मंत्राने एका कुळाची प्रतिष्ठा राखली; आदेशाने अनेकांना संधी दिली. आपले मत मांडताना हा भेद अवश्य तपासावा.