आधी ती गुरगुरली होती

मैत्रिणींनो, भाद्रपद सरून दिवाळी झाली की जिन्याखाली, वाळूच्या ढिगाआड कुत्रीची पिल्लं दिसू लागतात. मुलांना तेवढंच हवं असतं. दप्तर टाकलं की धावली पिल्लं उचलायला! आमच्या शेजारचा तिसरीतला मुलगाही असाच गेला, आणि रोज त्याच्या घरची भाकरी खाणारी गरीब कुत्री त्याच्या पायाला चावली. "पिसाळली मेली!" सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं.

खरं तर ती बाळंतीण होती. पिल्लाला हात लागला, घाबरली. खाताना, झोपेत, साखळीला बांधलेलं असताना किंवा कुठं दुखत असलं की कुत्रं बहुतेक असंच भीतीपोटी चावतं. त्याआधी ते सांगतंही. अंग ताठ करतं, कान मागे पाडतं, तोंड फिरवतं, मग गुरगुरतं. शेपूट हलतेय म्हणजे लाडात आलंय, असं आपण धरून चालतो. पण शेपूट वर ताठ आणि नुसतं टोक थरथरतंय, तर जवळ जाऊ नये. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला काठीनं गप्प करणं तर अगदीच उलटं. पुढच्या वेळी ते न सांगता चावतं.

ओळखीचं कुत्रं असलं तरी आधी हाक मारावी, बाजूला उभं राहावं, त्याला येऊन वास घेऊ द्यावा. डोक्यावर वरून हात नको, मानेच्या बाजूनं कुरवाळावं. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर मुलांनी पळायचं नाही. हात अंगाशी घेऊन, खाली बघत गप्प उभं राहायचं आणि सावकाश मागे सरकायचं.

त्या मुलानं मात्र दोन दिवस पायातला मोजा काढला नाही. "कशाला गेला होतास तिकडं?" म्हणून धपाटा बसेल ना! आंघोळीच्या वेळी आईला दातांचे व्रण दिसले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून बायांनो, धपाटा राहू द्या. जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा, तिथं लस मोफत असते. पोटातली ती १४ इंजेक्शनं २००५च्या सुमारास बंद झाली, आता दंडात देतात. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतही वेगळं औषध टोचावं लागतं, ते विचारून घ्या. लग्नकार्य असो की परीक्षा, दिलेली एकही तारीख चुकवू नका.

त्या मुलाचे सगळे डोस झाले. कुत्रीला त्याची आई अजून भाकरी घालते, पण जरा लांबून, पिल्लं मोठी होईस्तोवर.